परवलीच्या शब्दाचे मीठ

संगणकाने माणसाला पासवर्डवरून ओळखावे, पण तो पासवर्ड स्वतःजवळ मात्र ठेवू नये, ही मागणी प्रथमदर्शनी विसंगत वाटते. कारण जे जवळच नाही त्याच्याशी ताडून पाहायचे कसे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. ही विसंगती सुटत गेली ती टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यावर गुपित म्हणून नेमके काय जपायचे याची व्याख्या आक्रसत गेली.

1960 च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अनेकांनी एकाच वेळी वापरायची सीटीएसएस ही प्रणाली चालू होती आणि तिच्यात सर्वांचे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असत. 1966 मध्ये संपादनाच्या वेळी तात्पुरत्या फायलींची सरमिसळ होऊन दिवसाच्या सूचनेच्या जागी ही फाइलच आली, आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात सगळ्यांचे पासवर्ड उमटले. जी फाइल लपवण्यावर सारी भिस्त होती ती कोणाला चोरावी लागलीच नाही, एवढे या प्रसंगातून दिसून आले. याच दशकात केंब्रिजमध्ये रॉजर नीडम यांनी वेगळा मार्ग काढला. पासवर्डवर अशी गणिती क्रिया करायची की उत्तर सहज निघावे, पण उत्तरावरून मूळ शब्द काढणे व्यवहारात अशक्य व्हावे, आणि साठवायचे ते केवळ हे उत्तर, ज्याला पुढे हॅश हे नाव रूढ झाले. प्रवेशाच्या वेळी टंकलेल्या शब्दावर तीच क्रिया करून दोन उत्तरे जुळवली की ओळख पटते.

युनिक्स या संगणक प्रणालीने हा विचार स्वीकारला, परंतु तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांमधील क्रिया एम-209 या लष्करी सांकेतिक यंत्राच्या धर्तीवर बेतलेली होती आणि ती फारच जलद होती. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 च्या आपल्या निबंधात नोंदवले की पीडीपी-11/70 या संगणकावर एक अंदाज तपासायला 1.25 मिलिसेकंद पुरत असत. शिवाय त्यांनी गोळा केलेल्या 3,289 पासवर्डपैकी 2,831 म्हणजे 86 टक्के इतके आखूड किंवा शब्दकोशातले होते की ते अंदाजाने हाती लागावेत. सुरक्षेचा प्रश्न उलट गणिताकडून अंदाजाच्या किमतीकडे वळला तो येथे.

त्यांनी केलेले उपाय दोन. पहिला वेग कमी करण्याचा: पासवर्डची पहिली आठ अक्षरे किल्ली म्हणून घेऊन डीईएस या सांकेतिक पद्धतीची क्रिया 25 वेळा करायची. दुसरा ‘सॉल्ट’चा, म्हणजे मिठाचा: पासवर्ड ठरवताना बारा बिटांची एक यादृच्छिक संख्या निवडायची आणि डीईएसच्या अंतर्गत रचनेतच तिच्यानुसार फेरबदल करायचा. त्यामुळे एकाच शब्दाचे 4,096 वेगवेगळे हॅश संभवतात, दोघांचा पासवर्ड एक असला तरी ते सहसा कळून येत नाही, सबंध शब्दकोशाचे हॅश आधी काढून ठेवणे तितक्याच पटीने महाग होते, आणि बाजारातल्या तयार डीईएस चिप अशा बदललेल्या क्रियेला निरुपयोगी ठरतात. मुख्य म्हणजे हे मीठ लपवलेले नाही. तेरा अक्षरांच्या साठवलेल्या ओळीत पहिली दोन अक्षरे मिठाची आणि उरलेली अकरा हॅशची असतात. मिठाचे काम गुपित राहण्याचे नसून प्रत्येक ओळ दुसरीहून वेगळी पाडण्याचे आहे.

प्रणालीच्या लायब्ररीतील ‘क्रिप्ट’ या फंक्शनला पासवर्ड आणि मीठ अशा दोन गोष्टी द्याव्या लागतात, आणि पडताळणीच्या वेळी मिठाच्या जागी साठवलेली अख्खी ओळच देता येते, कारण फंक्शन तिच्यातून हवे तेवढे उचलते. ही सोय पुढे फार मोलाची ठरली. 1988 च्या ‘इंटरनेट वर्म’ या आपणहून पसरणाऱ्या प्रोग्रामने सर्वांना वाचता येणाऱ्या पासवर्ड फायलीतील हॅशवर अंदाज चालवून पाहिले, आणि हॅश स्वतंत्र संरक्षित फायलीत हलवण्याची रीत सार्वत्रिक होत गेली. पण खरा शत्रू होता तो संगणकांचा वाढता वेग. 1994 मध्ये पोल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडीसाठी एमडी5 वर आधारलेली, हजार फेऱ्यांची पद्धत लिहिली, तेव्हा डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये पद्धतीचा क्रमांक ओळीच्या आरंभीच घातला गेला, आणि जुन्या-नव्या ओळी एकाच फायलीत, एकाच फंक्शनच्या हाताखाली नांदू लागल्या. नील्स प्रोवोस आणि डेव्हिड माझिएर्स यांनी 1999 मध्ये मांडलेल्या, ओपनबीएसडीसाठी घडवलेल्या बीक्रिप्टने मीठ 128 बिटांचे केले आणि फेऱ्यांचे प्रमाणही ओळीतच लिहिले. हा आकडा एकने वाढवला की मेहनत दुप्पट होते. किंमत काळानुसार वाढवावी लागणार, हे अशा रीतीने रचनेतच मान्य झाले.

विचार कितीही नेटका असला तरी तो बाइटांच्या पातळीवर उतरताना निसटू शकतो, आणि याचे उदाहरण मराठी वाचकाला आपल्या लिपीतच सापडते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते आणि त्यांपैकी पहिले दोन बहुतेक वेळा सारखेच असतात. जुनी डीईएस पद्धत आठच बाइट पाहत असल्याने तिच्या लेखी ‘कमळ’, ‘कमल’ आणि ‘कमान’ हे तिन्ही पासवर्ड एकच, कारण फरक नेमका नवव्या बाइटपासून सुरू होतो. बीक्रिप्टच्या एका प्रचलित अंमलबजावणीत बाइटला चिन्हयुक्त संख्या मानल्यामुळे अ-इंग्रजी अक्षरांपूर्वीची काही अक्षरे हिशेबातून पुसली जात, हा दोष 2011 मध्ये उघडकीस आला. त्या दोषाच्या ओळी ओळखण्यासाठीही ओळीच्या आरंभीची खूणच कामी आली.

या रचनेची एक मर्यादा तिच्या गुणातूनच येते. हॅश उलटवता येत नसल्याने लायब्ररी जुनी ओळ आपणहून नव्या पद्धतीत बदलू शकत नाही. धन्याने पासवर्ड पुन्हा टंकला तरच ते शक्य होते, आणि तोवर ती ओळ आपल्या काळाच्या किमतीला उघडी राहते. 1970 च्या दशकाच्या अखेरीच्या सुमाराच्या युनिक्सच्या एका जुन्या पासवर्ड फायलीत खुद्द थॉम्पसन यांची ओळ होती, आणि ती 2019 मध्ये उकलली तेव्हा बुद्धिबळातील राणीपुढच्या प्याद्याची पहिली चाल हा त्यांचा पासवर्ड असल्याचे दिसले. त्यासाठी आधुनिक ग्राफिक्स कार्डाला चार दिवसांहून अधिक काळ राबावे लागले. थॉम्पसन यांनी ठरवलेली किंमत चाळीस वर्षांत ओसरली होती. मिठाने मात्र आपले काम अखेरपर्यंत केले, कारण त्या चार दिवसांच्या मेहनतीत उकलली ती एकट्या त्यांची ओळ.