अस्सल, नक्कल आणि आपण

खोटे नाणे पाडणारा एकच असतो. परंतु ते बाजारात फिरत ठेवणारे हात पुष्कळ असतात. त्यांपैकी बहुतेक हात स्वतःला निर्दोष समजतात. ते खरोखर तसे असतात काय, याचा विचार आम्हांला एका गाण्याच्या तबकडीने करावयास लावला.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याचा छंद आहे. बीटल्स या इंग्लिश वादकवृंदाची ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’ ही तबकडी त्यांनी मोठी किंमत देऊन मिळविली. शिकागोच्या व्ही-जे कंपनीने ती १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेत प्रसिद्ध केली होती. हक्कांच्या वादामुळे त्याच वर्षी तिची विक्री थांबवावी लागली आणि १९६६ मध्ये कंपनीचेच दिवाळे निघाले. मागणी उरली, पुरवठा आटला; अशा जागी नकला करणारे न बोलावता येतात. या तबकडीच्या इतक्या नकला निघाल्या, की संग्राहकाला तिची प्रत्येक प्रत आधी संशयानेच पाहावी लागते.

ओळखण्याच्या खुणा सूक्ष्म असल्या, तरी गूढ नाहीत. मधल्या कागदी चकतीवर तबकडीचे नाव व वृंदाचे नाव यांपैकी एक छिद्राच्या वर व दुसरे खाली छापलेले असेल, तर ती नक्कल समजावी. अस्सल प्रतीत ही दोन्ही नावे छिद्राच्या वरच असतात. मात्र एवढ्यावरूनच प्रत अस्सल ठरत नाही. वेष्टनावरील चित्रात जॉर्ज हॅरिसन यांच्या मागे पडलेली सावली नकलांत बहुधा लोपलेली असते. कारण छापील चित्रावरून पुन्हा चित्र घेतले, की बारकावे प्रथम जातात. शेवटच्या गाण्यानंतर चकतीपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते, तिच्यावरील ठसे व आकडेही जाणकार भिंगाखाली तपासतात.

सर्वांत बोलकी खूण मात्र कानाला कळते. मूळ साचा हाती नसल्याने नक्कल करणारा पुष्कळदा एखादी वापरलेली तबकडी वाजवून तिच्यावरूनच नवी काढतो. मग पृष्ठभाग आरशासारखा स्वच्छ दिसतो आणि आतून खरखर ऐकू येते. ते ओरखडे या तबकडीचे नव्हेतच. दुसऱ्याच कोणाच्या घरी, दुसऱ्याच कोणाच्या सुईने ते पडलेले असतात.

या कसोट्या लावताच आमच्या स्नेह्यांची तबकडी नकली ठरली. विकणाऱ्याचा तोवर ठावठिकाणा राहिला नव्हता. एका हितचिंतकाने सल्ला दिला, “लबाडी काही तुम्ही केली नाही. जशी आली तशी पुढे द्या. घेणाऱ्याने पारखून घ्यावी. शेवटी गाणी तीच, आनंद तोच. मग त्याचे गेले काय?”

वाचकहो, हा युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे. नकलेवरील गाण्यानेही मन रमते, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्याला केवळ गाणी हवीत, त्याला ती अल्प मोलात मिळतात. मोठी किंमत दिली जाते ती वस्तूच्या साक्षीला: आपण त्या वर्षी त्या कंपनीकडून निघालो, अशी ती साक्ष असते. ती खोटी आहे हे ठाऊक असून मौन धरणे म्हणजे तीच साक्ष आपल्या तोंडाने देणे होय. काल अज्ञान होते म्हणून दोष नव्हता. आज ज्ञान आले, त्याबरोबर जबाबदारीही आली. आपण फसलो ही हानी आहे, दुसऱ्यास फसविणे हा अपराध आहे. आणि हानीची भरपाई अपराधाने होत नाही.

स्नेह्यांनी तबकडी विकली नाही. आपल्या मागे मुलांच्या हातून ती अजाणता अस्सल म्हणून विकली जाऊ नये, यासाठी वेष्टनावर त्यांनी ठळक शाईने ‘नक्कल’ असे लिहून ठेवले. रक्कम थोडीथोडकी नव्हती, आणि ती बुडाली. पण त्या खोट्या नाण्याचा फेरा त्यांच्या उंबरठ्याशी थांबला. सायंकाळी ते अजूनही ती तबकडी लावतात, आणि खरखर सुरू झाली तरी ऐकत बसतात.