चरित्रनायक आणि साक्षीदार

मराठीत ज्याचे चरित्र लिहिले जाते त्याला 'चरित्रनायक' म्हणण्याचा प्रघात आहे. लेखनाचा विषय असणे आणि नायक असणे या दोन गोष्टी हा शब्द नकळत एक करून टाकतो. 'चरित्र' या शब्दालाही जीवनवृत्तान्त आणि शील असे दोन्ही अर्थ आहेत. संतांच्या वा सुधारकांच्या बाबतीत ही संदिग्धता फारशी खटकत नाही. गनिमी सेनानीच्या बाबतीत मात्र ती नैतिक प्रश्न होऊन उभी राहते.

अंगोलाचे जोनास साविंबी (१९३४–२००२) यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. १९६६ मध्ये त्यांनी 'युनिटा' ही संघटना स्थापन केली. प्रथम पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आणि १९७५च्या स्वातंत्र्यानंतर 'एमपीएलए'च्या सरकारविरुद्ध ते लढत राहिले. १९८६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी त्यांचे व्हाइट हाउसमध्ये स्वागत केले. त्याच वर्षी ब्रिटिश पत्रकार फ्रेड ब्रिजलँड यांनी लिहिलेले त्यांचे गौरवपर चरित्र प्रसिद्ध झाले. त्यासाठी युनिटाचे परदेशातील प्रतिनिधी टिटो चिंगुंजी यांचे साहाय्य लाभले होते. पुढे याच चिंगुंजी यांनी ब्रिजलँड यांना सांगितले, की आपल्या आईवडिलांची हत्या साविंबी यांच्या आदेशाने झाली. चिंगुंजी यांना जांबा येथील तळावर परत बोलावण्यात आले आणि १९९१ मध्ये कुटुंबीयांसह त्यांना ठार मारण्यात आले. ब्रिजलँड यांनी आपली पूर्वीची भूमिका जाहीरपणे सोडली.

चरित्रकार फसला आणि नंतर सावध झाला, एवढाच याचा अर्थ लावणे अपुरे ठरेल. प्रश्न साक्षीच्या स्वरूपाचा आहे. ज्याचे आप्त सेनानीच्या ताब्यात आहेत त्याने केलेली स्तुती ही साक्ष नव्हे, ती खंडणी असते. निवेदकावर संशय घ्यावा, असे समीक्षा शिकवते. परंतु येथे संशयाने भागत नाही. साक्षीदाराने मौन सोडले, तर त्याचा जीव जातो. संहितेची विश्वासार्हता आणि साक्षीदाराची सुरक्षितता येथे परस्परविरोधी होतात. मग पूर्ण सत्याची मागणी करण्याचा अधिकार वाचकाला तरी आहे काय?

याच्या उलट टोकाचे सुलभीकरणही टाळले पाहिजे. २२ फेब्रुवारी २००२ रोजी साविंबी मारले गेले आणि ४ एप्रिलला युद्धविरामाचा करार झाला. त्यामुळे सारे युद्ध एका माणसाच्या हट्टाचे फळ होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण १९९२च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ४० टक्के मतदारांनी त्यांना मत दिले होते. एका बाजूला दक्षिण आफ्रिका व अमेरिका, दुसऱ्या बाजूला क्यूबा व सोव्हिएत संघ. हिरे युनिटाकडे, तेल सरकारकडे. खलनायक ठरवलेला सेनानीही अखेर 'नायक'च राहतो, कारण इतर सर्वांची कृत्ये आणि दुःखे त्याच्या कथेची पार्श्वभूमी होऊन जातात.

साक्षीदाराच्या जिवासाठी सत्य मागे ठेवणे समर्थनीय ठरू शकते. मात्र त्या रिकाम्या जागी स्तुती भरणे समर्थनीय ठरत नाही. गौरवाची संहिता निष्क्रिय नसते. ती सेनानीला प्रतिष्ठा मिळवून देते आणि त्या प्रतिष्ठेच्या बळावर शस्त्रे मिळतात. म्हणून अशा चरित्राने प्रत्येक विधान कोणत्या परिस्थितीत मिळाले हे शक्य तेथे नोंदवावे आणि जेथे बोलता येत नाही तेथे मौन मौनासारखेच दिसू द्यावे. अशा चरित्रात सेनानी लेखनाचा विषय राहील. त्याला नायकपद देण्याचे कारण उरणार नाही.