नावाची गादी

गंधर्व या एका नावावर आपल्याकडे किती गवई बसले, ते एकदा आठवून पाहावं. ग्वाल्हेरचे रहिमत खाँ भूगंधर्व. भास्करबुवा बखले देवगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस या पोराचं गाणं ऐकून लोकमान्यांच्या तोंडून ‘बालगंधर्व’ असे उद्गार निघाले, ही कथा तर घराघरांत ठाऊक आहे. पुढे रामभाऊ कुंदगोळकरांना दादासाहेब खापर्ड्यांनी सवाई गंधर्व केलं. सौदागर नागनाथ गोरे छोटा गंधर्व झाले. आणि बेळगावकडच्या शिवपुत्र कोमकली नावाच्या मुलाला एका मठाच्या स्वामींनी कुमार गंधर्व म्हटलं, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.

सहा माणसं, सहा गळे, आणि नाव जवळजवळ एकच. मग हे नाव कोणाचं? पहिल्यांदा मिळालं त्याचं, सर्वांत मोठा झाला त्याचं, की ज्याने दिलं त्याचं? मला हा प्रश्न धर्माचा वाटतो, कारण ‘माझं’ म्हणावं असं माणसाजवळ काय असतं, याच्याशीच तो जाऊन भिडतो.

मी नारदीय परंपरेतला कीर्तनकार आहे. आमच्या कीर्तनाचे आद्य आचार्य नारद, आणि हे नारदही पूर्वजन्मी गंधर्वच होते. भागवताच्या सातव्या स्कंधात ते स्वतः युधिष्ठिराला सांगतात, की मागल्या कल्पात मी उपबर्हण नावाचा गंधर्व होतो. देखणा, गाणारा, स्त्रियांत रमलेला. हरिगुण गायला बोलावलं होतं तिथेही तो तसाच गेला, शाप मिळाला आणि दासीच्या पोटी जन्म आला. तिथून साधूंच्या सेवेने तो नारद झाला. म्हणजे गळा आधीपासून होताच. तो कोणासाठी गातो, एवढंच बदललं.

नारदांच्या नावाने आम्ही उभे राहतो. पूर्वरंग संपला की मध्यंतरात यजमान पुढे येतात, कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का लावतात, गळ्यात हार घालतात, आणि माझ्या वडिलांच्या वयाची माणसं वाकून नमस्कार करतात. उमेदीच्या काळात मला त्याचा फार संकोच वाटे. गुरुजींना तसं बोललो, तर ते म्हणाले, “हार गादीचा आहे. घाम तेवढा तुझा.” त्या दिवसापासून मी नमस्कार निमूटपणे घेतो आणि मनातल्या मनात पुढे पोचवतो. गावोगाव मला ‘बुवा’ म्हणतात. भास्करबुवांनाही बुवाच म्हणत. या दोन बुवांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण हाक मारणाऱ्याच्या तोंडी शब्द तोच असतो, आणि तो कानी पडला की मला नीट गावंसं वाटतं.

वाई तालुक्यातल्या एका गावी रामनवमीचं कीर्तन झालं. सुंठवडा वाटून झाला होता, पेटीवाले पेटीवर खोळ चढवत होते. मांडवाच्या कडेला क्रिकेटवरून आवाज चढले. विषय होता, खरा लिटल मास्टर कोण? कॉलेजातला एक मुलगा म्हणे, तेंडुलकर. त्याचे वडील म्हणत, ते नाव आमच्या सुनीलचं, तुझ्या सचिनला ते नंतर मिळालं. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले एक आजोबा म्हणाले, “अरे, तुमच्या दोघांच्या आधी हनीफ महंमद होता.” सगळे गप्प झाले. आजोबांचं खरंच होतं. जुनागढला जन्मलेला, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेला हा ठेंगणा फलंदाज. 1958 मध्ये ब्रिजटाऊनला संघ फॉलोऑनच्या खाईत असताना तो 970 मिनिटं उभा राहिला आणि 337 धावा करून सामना वाचवला. गावसकर 1971 मध्ये वेस्ट इंडिजमध्ये आले आणि पहिल्याच मालिकेत त्यांनी 774 धावा केल्या. तिघेही बुटके, तिघांचंही तंत्र घोटलेलं, आणि लिटल मास्टर हे एकच नाव तिघांच्या अंगाला बसलं. “बुवा, तुम्ही सांगा,” असं म्हणून तो मुलगा माझ्याकडे वळला.

मी त्याला विराटपर्वातली गोष्ट सांगितली. उत्तर राजपुत्रासमोर बृहन्नडा म्हणते, मी अर्जुन आहे. उत्तराचा विश्वास बसत नाही. तो म्हणतो, अर्जुनाची दहा नावं सांग आणि प्रत्येक नाव का पडलं तेही सांग. अर्जुन एकेक नाव उलगडतो: धनंजय, कारण धन जिंकून आणलं, श्वेतवाहन, कारण रथाला पांढरे घोडे, सव्यसाची, कारण दोन्ही हातांनी धनुष्य ओढतो. आणि दहावं नाव येतं कृष्ण. पित्याने लाडाने ठेवलेलं. म्हणजे कुरुक्षेत्रावर एकाच रथात दोन कृष्ण बसले होते, त्यांची कथा लिहिणारे व्यासही कृष्णद्वैपायन, आणि जिच्या अपमानापायी हे सगळं घडलं ती द्रौपदीही कृष्णाच. व्यासांसारख्या कवीला नावांची टंचाई नव्हती. पण महाभारतात यावरून कोणी भांडत नाही. सारथी म्हणत नाही, की ते नाव माझं आहे, खाली उतर.

नावाचा विचार बौद्धांनीही फार खोलवर केला. ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला नाव विचारतो. तो सांगतो, मला नागसेन म्हणतात, पण तो केवळ व्यवहाराचा शब्द आहे, त्याच्याआड ‘नागसेन’ नावाची स्वतंत्र वस्तू सापडायची नाही. राजाला हे पटत नाही. मग नागसेन राजाच्याच रथाचा दाखला देतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे? नाही ना? सगळे भाग जुळून आले की आपण रथ म्हणतो, इतकंच. हा विचार मला धाक घालतो. ‘गंधर्व’ म्हणून कोणी एक नव्हताच. गळा, गुरू, रियाज, साथीला बसलेला तबलजी, समोरचे कानसेन, हे सगळं एका रात्री जुळून आलं आणि कोणाच्या तरी तोंडून नाव निघालं.

तरीही माझं मन नागसेनापाशी थांबत नाही. ते गीतेच्या दहाव्या अध्यायाकडे जातं. तिथे भगवंत आपल्या विभूती सांगतात, आणि त्यांत गंधर्वांचाही उल्लेख आहे: गंधर्वांमध्ये मी चित्ररथ. अध्याय संपत आला की ते सांगतात, की जे जे ऐश्वर्याचं, शोभेचं, बळाचं दिसेल ते माझ्या तेजाच्या अंशातून आलं असं समज. नाव एकाच वेळी अनेकांवर का बसतं, याचं उत्तर मला तिथे मिळतं. लोकांना गुण दिसतो, त्या गुणाला ते हाक मारतात, आणि माणसं बदलली तरी गुण पुन्हा भेटला की जिभेवर तीच हाक येते. नागसेन म्हणतो, नावामागे मालक नाही. गीता म्हणते, मालक आहे, पण तो तू नव्हेस. दोघांचंही सांगणं ऐकलं तर ‘खरा कोण’ या भांडणात दम उरत नाही.

कुस्तीत हा घोळ होत नाही. हिंदकेसरीची गदा कोणी कोणाला मायेपोटी देत नाही. 1959 मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले ते समोरच्याला चीतपट करून, आणि पुढचा मल्ल आला तोही लढूनच. टोपणनावाला असा आखाडा नसतो. ते प्रेमापोटी मिळतं, म्हणून ते पेलायला जास्त जड जातं.

पेललं कसं जातं, ते कुमारजींनी दाखवलं. क्षयाने पाच-सहा वर्षं गाणं बंद पडलं, देवासच्या अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, आणि पुन्हा उभे राहिले ते सर्वस्वी स्वतःचं गाणं घेऊन. एवढा स्वयंभू गवई. पण त्यांनी एक मैफल बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. एक गंधर्व दुसऱ्या गंधर्वाची पदं गायला बसला. नक्कल म्हणून नव्हे, वरचढ ठरायलाही नव्हे. मला हे काय उमजलं ते सांगतो, अशा भावाने. ज्या नावावरून इतरांनी हेवादावा केला असता, त्याच नावाखाली हा माणूस वडीलधाऱ्यापुढे वाकला. मराठी संगीतात याहून मोठा नमस्कार मला ठाऊक नाही.

गावसकरांचा मोठेपणा उलट्या दिशेचा, वरून खाली येणारा. 1987 मध्ये मुंबईचा सर्वोत्तम कनिष्ठ क्रिकेटपटूचा पुरस्कार चौदा वर्षांच्या सचिनला मिळाला नाही, तेव्हा त्यांनी त्याला पत्र लिहिलं. सांगितलं असं, की निराश होऊ नकोस, जुन्या विजेत्यांच्या यादीत आणखी एक नाव नाही आणि त्या माणसाचं कसोटीत काही वाईट झालेलं नाही. आपले हलके पॅडही त्यांनी त्या पोराला दिले. पुढे 2005 मध्ये दिल्लीला सचिनने पस्तिसावं कसोटी शतक ठोकलं आणि गावसकरांचा चौतीस शतकांचा विक्रम मागे पडला.

आता सवाई. तुलनेतूनच जन्मलेलं नाव ते, गंधर्वाहून सव्वा पट. पण रामभाऊंच्या शिष्यांनी, भीमसेनजींनी आणि आर्य संगीत प्रसारक मंडळाने, 1953 पासून गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात उत्सव चालवला, आणि आज पुणेकर सहज विचारतो, “यंदा सवाईला कोण कोण आहे?” तुलना गळून पडली, उत्सव राहिला. मला याचा आनंद आहे. पण एक गोष्ट सलते. त्या मांडवात रात्र काढलेल्या कितीतरी तरुणांना मी विचारलं, की सवाई गंधर्वांचं मूळ नाव काय? उत्तर आलं नाही. गादीला नमस्कार करायचा तर तिच्यावर बसून ज्याने घाम गाळला, त्याची ओळख पुसून चालणार नाही.

म्हणून एवढीच विनंती करतो. तुमच्या मुलांना सवाईला न्याल तेव्हा वाटेत त्यांना रामभाऊ कुंदगोळकर हे नाव सांगा, आणि घरात लिटल मास्टरवरून वाद झालाच, तर हनीफ महंमदच्या त्या 970 मिनिटांपासून सुरुवात करा.