जीपीएसमधला नकाशा आणि आप्ताचा प्रश्न

हातातल्या जीपीएसच्या पडद्यावर डोंगराच्या समोच्च रेषा, त्यांतून जाणारी पायवाट आणि यंत्राची जागा दाखवणारा ठिपका एकत्र दिसतात. तिन्ही सारख्याच ठामपणे उमटलेले असतात. ‘हे खरे कशावरून?’ असे विचारले की मात्र तिन्हींची उत्तरे वेगळी निघतात. ज्ञान कोणत्या मार्गाने, म्हणजे कोणत्या प्रमाणाने, आले यावर त्याचा भरवसा ठरतो, हा भारतीय दर्शनांचा जुना विषय आहे. चार्वाक प्रत्यक्षापलीकडे काही मानत नाहीत. बौद्ध आणि वैशेषिक प्रत्यक्ष व अनुमान या दोहोंवर थांबतात. न्यायदर्शन त्यांत उपमान आणि शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, यांची भर घालते. फुकट मिळणारा स्थलनिर्देशक नकाशा यंत्रात टाकणाऱ्याला नैयायिकांची चौकट सर्वांत उपयोगी पडते, कारण त्याच्या हाती येते ते बव्हंशी दुसऱ्या कोणीतरी सांगितलेले असते.

असा नकाशा दोन वेगळ्या साठ्यांतून तयार होतो. उंचीचे आकडे प्रामुख्याने फेब्रुवारी २००० मधल्या एंडेव्हर यानाच्या उड्डाणातून आले आहेत. त्या ११ दिवसांत रडारने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली जमीन मोजली. आज ते आकडे साधारण ३० मीटर अंतरावरच्या बिंदूंच्या जाळीत खुले आहेत. त्या बिंदूंमधून समोच्च रेषा काढतो तो संगणक. वाटा, ओढे, गावे, पाण्याची टाकी ही माहिती २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमधून येते. तिथे कोणालाही भर घालता येते. कोणी स्वतः चालून नोंदवलेली वाट चढवतो, कोणी उपग्रहाच्या छायाचित्रावर दिसणारी रेघ गिरवतो. हा सगळा साठा एमकेजीमॅपसारख्या मोफत प्रोग्रॅममधून गार्मिनच्या यंत्रांना वाचता येईल अशा फाईलमध्ये बदलला जातो.

बसवण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. संगणकावर बेसकॅम्पसारख्या प्रोग्रॅममध्ये नकाशा उघडतो. यंत्रासाठी मेमरी कार्डावर ‘गार्मिन’ नावाचे फोल्डर करून त्यात फाईल ठेवावी लागते. जुनी यंत्रे ‘जीमॅपसप’ या एकाच नावाची फाईल ओळखतात. त्यामुळे दुसरा नकाशा टाकताना पहिल्याचे नाव आधी बदलले नाही, तर तो पुसला जातो. नव्या यंत्रांत वेगवेगळ्या नावांच्या अनेक फाईली चालतात. समोच्च रेषांचा थर पारदर्शक करून स्वतंत्र फाईलमध्येही ठेवता येतो आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये तो हवा तेव्हा चालू-बंद करता येतो. ही शेवटची सोय फारसे कोणी वापरत नाही, पण पुढच्या विचारात तिला महत्त्व आहे.

प्रमाणांच्या भाषेत पाहिले तर पडद्यावर प्रत्यक्ष असे काहीच नाही. ठिपका हे अनुमान आहे: किमान ४ उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले यावरून यंत्र आपली जागा काढते. समोच्च रेषाही अनुमानच, दोन मोजलेल्या बिंदूंमधला उतार सरळ असेल असे धरून काढलेले. पायवाट मात्र निव्वळ शब्द आहे. इथून कोणी गेला आणि त्याने तसे सांगितले, एवढाच तिचा आधार.

न्यायमतानुसार शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असेल तर. भाष्यकार वात्स्यायनांच्या मते ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ, हे लक्षण सर्वांना सारखेच लागू पडते. खुल्या नकाशाच्या बाजूने यापेक्षा उदार विधान सापडणे कठीण. साक्ष देण्याचा अधिकार सर्वेक्षण खात्याच्या शिक्क्यातून येत नाही, पाहण्यातून आणि प्रामाणिकपणातून येतो. पण हेच लक्षण छायाचित्रावरून रेघ गिरवणाऱ्याला अडवते. त्याने वाट पाहिलेली नाही, वाटेचे चित्र पाहिले आहे. सह्याद्रीत वरून एकसारख्या दिसणाऱ्या रेघांत गुरांची वाट असते, पावसाळी ओहळ असतो आणि क्वचित खरी पायवाटही असते.

परंपरेने सांगणाऱ्याचे चार दोष मानले आहेत: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा म्हणजे फसवण्याची इच्छा, आणि करणापाटव म्हणजे साधनांचा अपुरेपणा. ओहळाला वाट समजणे हा भ्रम, आणि रेघ ओढताना वळण गाळणे हा प्रमाद. विप्रलिप्सेचे उदाहरण खुद्द जीपीएसच्या इतिहासात आहे. अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात जाणूनबुजून चूक मिसळत असे, ती मे २००० मध्ये थांबवण्यात आली. रडारच्या ३० मीटरांच्या जाळीत करणापाटव आहे. दोन बिंदूंच्या मध्ये तुटलेला कडा असला तरी गणित त्याचा उतार करून टाकते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी नकाशातला उतार खऱ्या कड्यापेक्षा सौम्य निघू शकतो, तर अरुंद सुळका जवळजवळ नाहीसाच होतो. दाट झाडीत रडारला जमिनीऐवजी झाडांच्या माथ्याजवळची उंची मिळते.

इथे मीमांसकांचा युक्तिवाद मोह पाडतो. दोष सांगणाऱ्यात असतात. वेदाला कर्ताच नाही, म्हणून वेद निर्दोष, असे ते म्हणतात. शिवाय ज्ञान मुळात स्वतःप्रमाण असते, बाधक दिसेपर्यंत ते खरेच धरावे, असेही त्यांचे मत आहे. जीपीएस वापरणारा बहुतेकदा नकळत मीमांसक झालेला असतो. नकाशाला कर्ता दिसत नाही, म्हणून तो निर्दोष वाटतो. वास्तविक कर्ता होता, तो वाटेत गळाला. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक वाटेचा इतिहास पाहता येतो: कोणत्या सदस्याने ती कधी घातली, नंतर कोणी बदलली, अनेकदा कशाच्या आधारे घातली तेही. यंत्राच्या फाईलमध्ये रूपांतर होताना हे सारे टाकून दिले जाते आणि उरते नुसती रेघ. छापील टोपोशीटच्या समासात निदान सर्वेक्षणाचे वर्ष तरी असते. म्हणजे यंत्रात नकाशा बसवणे ही साक्षीदाराचे नाव पुसण्याचीही क्रिया आहे. सांगणारा कोण हे विचारण्याची जागा संगणकच. कड्याच्या टोकावर तो प्रश्न विचारून उपयोग नाही.

नैयायिक प्रामाण्य परतः मानतात. ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की ते खरे होते असे कळते. मृगजळ आणि पाणी यांतला फरक तहान भागल्यावर ठरतो. डोंगरात या कसोटीची अडचण उघड आहे, कारण कसोटीच जीव घेऊ शकते. कृतीआधी खात्री कशी करायची, यावर न्यायसूत्रांत एक वाट आहे. मंत्र आणि आयुर्वेद यांचा गुण अनुभवाला येतो, म्हणून त्याच आप्तांनी सांगितलेले, अनुभवाला न येणारे भागही मानावेत. हे वेदाच्या प्रामाण्यासाठी मांडलेले आहे, पण नकाशा वापरणारे रोज असेच वागतात: ओळखीच्या गावाभोवतीचा भाग आधी तपासायचा, जुळला तर अनोळखी भागावर विश्वास ठेवायचा.

समोच्च रेषांच्या बाबतीत हे अनुमान बरेच चालते. सगळ्या एकाच उपकरणातून आल्या आहेत, म्हणून पठारावरचा पडताळा दुसऱ्या पठाराला लागू पडतो, फक्त कड्याला नाही. वाटांच्या बाबतीत ते कोसळते. शेजारशेजारच्या दोन वाटांचे सांगणारे वेगळे, त्यांचे डोळे वेगळे, वर्षेही वेगळी. एकीचा खरेपणा दुसरीला आंदण देता येत नाही. म्हणूनच दोन थर वेगळ्या फाईलींत ठेवण्याच्या सोयीला महत्त्व आहे. त्यामुळे अनुमान आणि शब्द डोळ्यांना तरी वेगळे राहतात.

फुकट मिळण्याचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्याच्या अटी दोन: श्रेय द्यावे, आणि साठ्यात भर घालून तो प्रसृत केला तर तोही तसाच खुला ठेवावा. दानापेक्षा याचे नाते ऋषिऋणाशी अधिक आहे. ज्यांच्याकडून ज्ञान मिळाले त्यांना ते परत करता येत नाही, पुढेच द्यावे लागते. चुकीची आढळलेली वाट दुरुस्त करणे हा या ऋणाच्या फेडीचा सर्वांत साधा प्रकार. ती दुरुस्ती यंत्रात आपोआप येत नाही. साठ्यातून नवी फाईल तयार व्हावी लागते आणि ती उतरवून कार्डावर जुनीच्या जागी ठेवावी लागते.