वाइन म्हणजे दारू नव्हे?

नाशिकची वाइन ट्रिप ठरवणं सोपं आहे. द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणून फेब्रुवारीतला शनिवार-रविवार. दोन वायनरी, गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्काम. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, म्हणून ड्रायव्हरसकट गाडी. आमची शीट अर्ध्या तासात भरली. अडलं एकाच ठिकाणी: घरी काय सांगायचं? ग्रुपवर उत्तर आलं, "द्राक्षबागा बघायला चाललोय. तसंही वाइन म्हणजे दारू नाही."

हे वाक्य मला पटत नाही, आणि त्याचं कारण माझी मावशी आहे. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. म्हणजे जी मतदानाला आलीच नाही, तिचं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं. म्हणून मावशी दारोदार फिरली होती. तिला मी ट्रिपबद्दल सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "वाइन म्हंजी दारूच ना रे?"

नाही म्हणायला माझ्याकडे तीन मुद्दे होते.

पहिला, आपण चवीसाठी पितो. पण टेस्टिंगच्या टेबलावर वाइन थुंकायला भांडं मागितलं तर मिळतं. व्यावसायिक चाखणारे थुंकतातच. आमच्या पाच जणांत ते कोणी मागणार नाही. म्हणजे थोडी झिंगही हवी आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग ती आहे असं म्हणावं.

दुसरा, प्रमाण. वाइनमध्ये अल्कोहोल साधारण 12-13 टक्के, आणि टेस्टिंगचे घोटही लहान. हे खरं आहे. पण टेस्टिंग संपल्यावर जेवणाबरोबर बाटली उघडते, रात्री रूमवर दुसरी. शीटमध्ये तसा रकानाच आहे.

तिसरा, शेतकरी. राज्याने 2001 साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं ते याच भाषेत. 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हाही हाच मुद्दा पुढे होता. वायनरीशी करार असलेल्या शेतकऱ्याला फायदा होतो, मान्य. पण नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्याची असतात. अवकाळी पावसात त्यांचे मणी तडकतात, तेव्हा आपली बाटली त्या बागायतदाराच्या फारशी कामाला येत नाही. आणि खरं सांगायचं तर शेतकऱ्यासाठी म्हणून कोणी वीकेंड बुक करत नाही.

मग फरक उरतो कुठे? माझ्या मते बाटलीत नाही, पिणाऱ्याच्या आजूबाजूला. आमच्यासाठी ड्रायव्हर आहे, सोमवारी वर्क फ्रॉम होम आहे, आरोग्य विमा आहे. जास्त झाली तर एक सकाळ वाया जाईल. देशीच्या दुकानासमोरच्या माणसाची जास्त झाली तर दिवसाची मजुरी जाते, आणि त्याची किंमत घरातली बाई मोजते. आमच्या पिण्याला संस्कृती आणि त्याच्या पिण्याला व्यसन म्हणताना आपण बहुतेक वेळा दोघांचा बँक बॅलन्स मोजत असतो.

यावर कोणी म्हणेल, परिणाम वेगळे असतील तर नैतिक फरकही आहेच की. आहे. ज्याच्या पिण्याने दुसऱ्याचं नुकसान होत नाही, त्याला दोष कशाला द्यायचा? पण नुकसान टळलं ते आपल्या संयमामुळे की पगारामुळे, हे तपासायला हवं. पगारामुळे टळलं असेल तर ते आपलं नशीब. त्याचं श्रेय घेऊन दुसऱ्याला बेवडा म्हणायचा हक्क मिळत नाही.

ट्रिप रद्द करावी असं मला वाटत नाही. मी जाणार आहे. शीटमध्ये ड्रायव्हरचं जेवण, झोपायची खोली आणि रात्रीचा भत्ता हे रकाने वाढवलेत. घरी "वाइन प्यायला नाशिकला चाललोय" असं सांगितलं. आई दोन दिवस नीट बोलली नाही. आणि मावशीला उत्तर दिलं, "हो मावशी, दारूच."