दोष कोणाचा?

‘दोष’ हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. घडणीतील उणीव तोही दोष आणि कृत्याचा ठपका तोही दोषच. मूल आजारी पडले की हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात, आणि त्या दोहोंचे ओझे बहुधा आईवर पडते.

सहा महिन्यांच्या सुदृढ बालकाला तापात आकडी येते. बराच वेळ थांबत नाही. पुढे आकड्या वाढतात, बोलणे-चालणे मागे पडते. फ्रान्समधील डॉ. शार्लोट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पहिली आकडी पुष्कळदा लस टोचल्यावर येणाऱ्या तापात उद्भवे; म्हणून ठपका लशीवर, आणि लस टोचून आणणारी आई स्वतःलाच अपराधी मानी. २००१ मध्ये बेल्जियममधील संशोधकांना या विकाराचे मूळ ‘एससीएन१ए’ या जनुकात सापडले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सॅम्युअल बर्कोव्हिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, लशीने मेंदूस इजा झाली असे मानलेले १४ रुग्ण तपासले. ११ जणांत याच जनुकातील बदल आढळला. बहुतेक मुलांत तो आईबापांकडून आलेला नसतो, नव्यानेच घडतो.

म्हणजे दोष आहे, पण दोषी कोणी नाही. परंतु काही थोड्या घरांत तोच बदल आईत वा बापातही सापडतो. तेथे ही तपासणी आरोपपत्र ठरावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. जे ठाऊक नव्हते आणि जे निवडलेही नव्हते, त्याला कारण होणे म्हणजे अपराधी होणे नव्हे.

मात्र ज्ञान झाल्यावर ही सूट उरत नाही. या मुलांच्या मेंदूत आवर घालणाऱ्या पेशींचे सोडियमचे मार्ग आधीच अपुरे असतात. कार्बमॅझेपिन, फेनिटोइन ही आकडीवरची नेहमीची औषधे तेच मार्ग अडवतात. त्यामुळे आकड्या वाढू शकतात. निदान हाती असूनही अशी औषधे नित्य चालू ठेवणे, हा दुसऱ्या अर्थाचा दोष होय. आणि पैशांअभावी निदानच झाले नाही, तर तो दोष त्या घराचा नव्हे; तो आपणा सर्वांचा आहे.

ही तपासणी रोग बरा करीत नाही. पण ‘तुझे काही चुकले नाही’ हे आईला केवळ सांत्वन म्हणून न सांगता सत्य म्हणून सांगता येते. आम्ही हे थोडे मानीत नाही.