हन्नाचा झगा आणि आपल्या मुलांची बॅग



शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक छोटीशी नोंद आहे. आपण ती सहसा वाचून पुढे जातो. हन्नाने नवसाने झालेला आपला मुलगा देवाला अर्पण केला. आई रामा गावी, मूल शिलोला एली याजकाजवळ. दरवर्षी हन्ना त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवायची आणि पतीबरोबर वार्षिक यज्ञाला जाताना तो घेऊन जायची.

जरा विचार करा. वर्षभर मूल नजरेआड असताना तिने माप कसे घेतले असेल? गेल्या वर्षी एवढा होता, आता बाह्या किती लांब ठेवाव्यात, हे तिने मनाशीच ठरवले असेल. मूल दुसऱ्या छपराखाली होते, पण आईच्या मनात ते वाढत होते. आणि एलीचे घर काही आदर्श नव्हते. त्याचे मुलगे दुराचारी होते, हे त्याच अध्यायात लिहिले आहे. तरीही झग्याच्या घडीत हन्नाने एलीसाठी टोमणा बांधून पाठवल्याचे शास्त्र सांगत नाही.

हन्नाचा संसार मोडलेला नव्हता. पण मूल एका घरी आणि आई दुसऱ्या घरी, हे दुःख तिला ठाऊक होते. आज आपल्या उपनगरांतही काही मुले दोन घरांत वाढत आहेत. मम्मी अंधेरीला, पप्पा घाटकोपरला. शनिवारी बॅग पाठीवर घेऊन मूल निघते. 2014 साली मेट्रो सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. बोरिवली आणि मुलुंडच्या मुलाला मात्र अजून गाडी बदलावी लागते. पण खरे ओझे प्रवासाचे नसते, ते बॅगेतले असते.

विवाह हा पवित्र संस्कार आहे आणि तो अतूट आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तरीही काही पती-पत्नींना वेगळे राहावे लागते. म्हणून ते परके होत नाहीत. ते आपल्याच धर्मग्रामाचे आहेत आणि त्यांची मुले आपलीच मुले आहेत. विभक्त आईवडिलांनी मुलाला ओलीस धरू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी 2016 सालच्या ‘आमोरिस लेटिशिया’ या पत्रात कळकळीने सांगितले.

मुंबईत 1989 पासून कुटुंब न्यायालय आहे. मूल कोणत्या दिवशी कोणाकडे राहील, मे महिन्याची सुट्टी आणि नाताळ कसा वाटायचा, हे तिथे ठरवता येते. मुलाचे हित पाहावे, हे तर 1890 च्या पालकत्व कायद्यातही आहे. 2015 साली विधी आयोगाने दोन्ही पालकांकडे संयुक्त ताबा देण्याची तरतूद सुचवली. पण बॅगेत काय भरायचे, ते कोणते न्यायालय लिहून देणार? ते आपल्या अंतःकरणावर सोडलेले आहे.

म्हणूनच बॅग बोलते. पप्पांनी घेतलेले नवे बूट पप्पांच्याच घरी राहिले पाहिजेत, म्हणून मूल जुन्या चपला घालून निघते. ‘तिकडे गेल्यावर कळू दे त्यांना,’ म्हणून मुद्दाम खोकल्याचे औषध ठेवले जात नाही. भूगोलाची वही दुसऱ्या घरी राहते आणि सोमवारी वर्गात उभे राहावे लागते ते मुलाला. शलमोन राजापुढे खऱ्या आईने मुलावरचा हक्क सोडला, पण मुलाचे तुकडे होऊ दिले नाहीत. अडवून ठेवलेले बूट ही लहानशी तलवारच आहे. बूट मुलाला दिले, तेव्हाच ते मुलाचे झाले. ते त्याच्याबरोबर कुठेही जावोत.

तेव्हा, वेगळे राहणाऱ्या आईवडिलांनो, या आठवड्यात एवढे करून पाहा. टूथब्रश, घरचे कपडे, चप्पल, जमल्यास एक जादा गणवेश दोन्ही घरी ठेवा. जपमाळही दोन्हीकडे असू द्या. आपल्याच घरी कोणी पाहुण्यासारखे सामान घेऊन येत नाही. सोमवारचे वेळापत्रक पाहून दप्तर आदल्या रात्री मुलाबरोबर भरा. औषधाबरोबर किती आणि केव्हा द्यायचे, ते स्वच्छ अक्षरात लिहा. उशाशी लागणारी बाहुली किंवा जुनी चादर आधी भरा. तुम्हाला ती चिंधी वाटेल, त्याला तीच घर वाटते. आणि पैशांच्या चिठ्ठ्या, वकिलाची कागदपत्रे, निरोप मुलाच्या बॅगेत कधीही घालू नका. ते मूल आहे, टपालवाला नव्हे.

दुसऱ्या घरी मारहाण होत असेल, मुलाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र गप्प बसणे हा सद्गुण नव्हे. न्यायालयाला सांगा, 1098 या क्रमांकावर फोन करा, धर्मगुरूंकडे या. पण ते भांडण मुलाच्या पाठीवरून पाठवू नका.

आणि आपण बाकीचे? मिस्सानंतर चर्चच्या आवारात ‘या रविवारी कोणाकडे रे?’ असे मुलाला विचारू नका. धर्मशिक्षणाचे पुस्तक दुसऱ्या घरी राहिले, तर शिक्षकांनी न रागावता वर्गातले एखादे द्यावे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी त्या मुलाचे आई आणि वडील दोघेही बाकावर संकोच न वाटता बसू शकतील, एवढी जागा आपण मनात ठेवू या. आजी-आजोबांनो, आलेली बॅग उघडताना ‘बघा, काय पाठवलंय!’ हे शब्द गिळून टाका. मूल दारातच उभे असते आणि ते ऐकत असते.

शमुवेल पुढे मोठा संदेष्टा झाला. देवाची हाक त्याला शिलोच्या मंदिरात ऐकू आली, आईच्या घरी नव्हे. तुमच्या मुलालाही देव कदाचित दुसऱ्याच घरी हाक मारील. तिथे जाताना त्याच्या अंगावर तुमच्या प्रेमाचा झगा असू द्या, आणि तो नीट मापाचा असू द्या.

हे प्रभू, नाझरेथच्या पवित्र कुटुंबात तू वाढलास. दोन घरांच्या वाटेवर चालणाऱ्या आमच्या लेकरांचा हात धर. त्यांची बॅग भरणाऱ्या हातांतला राग काढून घे. आमेन.